मुलांच्या मनाचे आजारपण: हट्ट, पाप की दुखणे?



मुलाला ताप आला की आपल्या घरात काय घडते हे सर्वांना ठाऊक आहे. आई कपाळाला हात लावून पाहते, आजी काढा उकळते, दुसऱ्या दिवशी उतार पडला नाही तर बाबा कामावर खाडा करून दवाखाना गाठतात. शेजारीण पेज घेऊन येते. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात चार माणसे विचारतात, "पोर बरं आहे का आता?" तापाची कोणालाच लाज वाटत नाही.

परंतु तेच मूल महिनाभर नीट झोपत नसेल, जेवणाच्या ताटावरून उठून जात असेल, शाळेच्या नावाने त्याच्या पोटात गोळा येत असेल, तर आपण काय म्हणतो? "वयच तसं आहे." "लाडानं बिघडला." "अभ्यास नको म्हणून नाटकं." "प्रार्थनेला बसत नाही, मग असंच होणार." या दुखण्यासाठी शेजारीण पेज आणत नाही, कारण तिला ते कळवलेलेच नसते. कोणी विचारले तर आपणच सांगतो, "काही नाही, जरा परीक्षेचं टेन्शन."

म्हणून आजचा पाठ या लपवलेल्या दुखण्याविषयी आहे. घरी सर्वांनी मिळून तो वाचावा आणि छोट्या ख्रिस्ती समूहाच्या पुढील बैठकीत त्यावर चर्चा करावी. शेवटी त्यासाठी काही प्रश्न दिले आहेत.

१. हे दुखणे किती घरांत आहे?

आपल्याला वाटते, असे एखाद्याच घरात होते. तसे नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्के मुलांना मनाचा कोणता ना कोणता आजार असल्याचे आढळले. साठ मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यात अशी सुमारे चार मुले बसलेली असतात. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही ती असतात, वेदीसेवकांच्या रांगेत असतात, गायकवृंदातही असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जगभरासाठीचा अंदाज तर १० ते १९ वयोगटात सातांपैकी एक असा आहे. हीच संघटना असेही सांगते की, मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे आजार वयाच्या १८व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आठवीतल्या मुलाच्या वागण्यात आज जे दिसते ते 'मोठा झाला की सुटेल' म्हणून सोडून दिले, तर पुष्कळदा ते सुटत नाही, मुरते. सुरुवातीला लक्ष दिले तर बरे होण्याची शक्यता मोठी असते. तापाचा नियम इथेही लागू आहे.

२. पाप कशाला म्हणावे आणि आजार कशाला?

आम्हां धर्मगुरूंना सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवतात. तेथे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारांशी दीर्घ सहवास घडतो. त्यांचे एक मूलभूत म्हणणे असे की, माणूस म्हणजे शरीराच्या गाडीत बसलेला आत्मा नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो. त्यामुळे शरीर थकले की मन थकते आणि मन पोळले की शरीर बोलू लागते. परीक्षेच्या सकाळी मुलाचे पोट खरोखर दुखते. डॉक्टर तपासतात, अहवाल चांगला येतो आणि आपण म्हणतो, "बघा, काहीच नाही, ढोंग आहे." पण ते ढोंग नसते. मनातल्या भीतीने पोटात खरी कळ येऊ शकते.

आता पापाचा प्रश्न घेऊ. प्रथम कम्युनियनच्या तयारीत आपण मुलांना शिकवतो की, गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव असणे आणि स्वतःच्या मर्जीने दिलेली संमती असणे. आजारात ही तिसरी गोष्टच नसते. निराशेने ग्रासलेले मूल सकाळी उठत नाही, तेव्हा त्याने न उठण्याचे ठरवलेले नसते, त्याच्याने उठवत नसते. 'करायचे नाही' आणि 'करता येत नाही' या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्यांतला फरक ओळखणे ही पालकांची, शिक्षकांची आणि आमचीही जबाबदारी आहे. पाय मोडलेल्या मुलाला आपण 'धाव' म्हणून रागावत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला बरे करण्याच्या कामाला लागतो. मनाच्या आजाराविषयी गावात कुजबूज होते तेव्हा आपण बहुधा त्या शिष्यांच्याच बाजूला उभे असतो. 'कोणाचे काय चुकले' हे शोधण्यात महिने जातात आणि मूल तसेच राहते.

३. संतांच्या घरातली एक दुःखी मुलगी

काही पालक म्हणतील, "आमचे घर प्रार्थनेचे आहे. रोज संध्याकाळी जपमाळ होते. आमच्याकडे असे कसे होईल?" त्यांच्यासाठी एक खरी हकिगत सांगतो.

बाळ येशूच्या संत तेरेजाचे आईवडील झेली आणि लुई मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद दिले. संतपदाचा सन्मान पतिपत्नीला जोडीने मिळाला असे ते घर. फ्रान्समधील आलाँसाँ गावात राहणारे हे कुटुंब रोज मिस्साला जाणारे, गोरगरिबांना मदत करणारे. या घरात पाच मुली वाढल्या. त्यांतली तिसरी लिओनी, जन्म १८६३. ती तान्हेपणी फार आजारी असे. पुढे अभ्यासात मागे पडली. हट्टी, चिडखोर, कोणाचे न ऐकणारी असा तिचा लौकिक झाला. मावशी धर्मभगिनी होती, तिच्या मठातील शाळेत दोनदा पाठवले, दोन्ही वेळा ती परत आली. झेलीच्या पत्रांतून या मुलीची काळजी पुनःपुन्हा दिसते.

मग १८७७ साली उलगडा झाला. घरात वर्षानुवर्षे काम करणारी, विश्वासातली मोलकरीण लिओनीला धाक दाखवून, मारहाण करून आपल्या मुठीत ठेवत होती. आईचे नव्हे तर आपलेच ऐकायचे, अशी तिची सक्ती होती. थोरली बहीण मारी हिच्या हे लक्षात आले आणि आईला कळले. झेलीने ताबडतोब मोलकरणीला मुलीपासून दूर केले. त्यानंतर लिओनी झपाट्याने बदलली, आईला बिलगू लागली. दुर्दैवाने झेलीला स्तनाचा कर्करोग होता आणि त्याच वर्षी २८ ऑगस्टला तिचे निधन झाले. मायलेकींना एकमेकींचे असे जेमतेम काही महिने मिळाले.

या हकिगतीतून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, ज्या आईला ख्रिस्तसभा आज संत म्हणते तिच्याच घरात, तिच्या डोळ्यांसमोर मुलीची भीती वर्षानुवर्षे दिसली नाही. तेव्हा आपल्याला दिसले नसेल तर त्यात कमीपणा मानू नये. दिसल्यावर मात्र झेलीसारखे तत्काळ पाऊल उचलावे. दुसरी, 'द्वाड' म्हणवले जाणारे मूल पुष्कळदा घाबरलेले मूल असते. ही द्वाड मुलगी पुढे १८९९ साली, आधीचे प्रयत्न फसल्यानंतर, काँ शहरातील मठात स्थिरावली. १९४१ साली तिचे निधन झाले. २०१५ साली तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली आणि आता तिला 'देवाची सेविका' म्हणतात.

धाकटी तेरेजा आईच्या मृत्यूच्या वेळी साडेचार वर्षांची होती. नंतर आईच्या जागी मानलेली बहीण पोलीन १८८२ साली मठात गेली आणि काही महिन्यांतच, १८८३ साली, दहा वर्षांची तेरेजा विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. अंगाला कंप, भास, भयंकर भीती. घरच्यांनी प्रार्थना केली आणि डॉक्टरांनाही बोलावले. १३ मे रोजी मारियामातेच्या पुतळ्यासमोर ती बरी झाली. त्या आजाराला आज वैद्यक कोणते नाव देईल, हे ठरवण्याचे काम आपले नाही. एकामागून एक आईची माणसे गमावलेल्या मुलीचे मन आणि शरीर दोन्ही कोलमडले, एवढे मात्र उघड दिसते. त्या घराने जपमाळ आणि औषध यांत भांडण लावले नाही, हेही दिसते.

४. ओळखावे कसे?

लहान मूल 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाही. त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात. ते वागण्यातून सांगते. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असावे.

लहान मुले (सुमारे दहा वर्षांपर्यंत): वारंवार पोट किंवा डोके दुखणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, रात्री दचकून उठणे, आईला क्षणभरही न सोडणे, खेळ थांबणे, शाळेत जाण्यास रडून नकार देणे.

किशोरवयीन मुले: मोठी माणसे उदास झाली की गप्प बसतात, किशोरवयीन मुले उदास झाली की पुष्कळदा चिडतात. त्यामुळे त्यांचे नैराश्य आपल्याला उद्धटपणा वाटते. झोप फार कमी किंवा फार जास्त होणे, मित्र तुटणे, आवडीचा फुटबॉल किंवा गिटार कोपऱ्यात पडून राहणे, गुण अचानक घसरणे, हातावर जखमांच्या खुणा दिसणे, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालणे, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलणे.

यांतली एखादी गोष्ट दोन दिवस दिसली तर घाबरून जाऊ नये. किशोरवय म्हटले की रुसवेफुगवे असायचेच. परंतु असे बदल दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकले आणि त्यामुळे झोप, जेवण, शाळा, मैत्री यांत अडथळा येऊ लागला, तर तो स्वभाव म्हणून सोडू नये.

धार्मिक घरांत दिसणारे एक लक्षण आम्ही मुद्दाम सांगतो. काही मुलांना आपण पाप केले आहे अशी भीती सतत छळते. एकच पाप ती पुनःपुन्हा कबूल करतात, एकच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून दहादा म्हणतात. संत तेरेजालाही १८८५ पासून सुमारे दीड वर्ष अशा शंकांनी ग्रासले होते. पालकांना वाटते, मूल किती भाविक आहे! परंतु यात श्रद्धेचा आनंद नसतो, भीतीचा फास असतो. पुनःपुन्हा पापनिवेदन केल्याने तो सुटत नाही, उलट आवळतो. अशा मुलाने एकाच धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी.

५. कशामुळे होते?

एकच कारण क्वचितच असते. काही आजारांत घराण्याकडून आलेला कल असतो, जसा मधुमेहात असतो. त्यावर आयुष्यातले आघात पडतात: जवळच्याचा मृत्यू, आईवडिलांची भांडणे, वडिलांचे दारूचे व्यसन, आखातात किंवा जहाजावर नोकरीला गेलेल्या पालकाची वर्षानुवर्षांची गैरहजेरी, वर्गातली चिडवाचिडवी आणि तीच मोबाइलवरून रात्री बारापर्यंत चालू राहणे.

काही मुले हुशार असूनही वाचन-लेखनात अडखळतात. तो आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला आहे, आणि योग्य प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. वर्षानुवर्षे 'ढ' म्हणवून घेतलेल्या मुलाला आपल्यात काय वेगळे आहे हे कळले, की त्याच्या मनावरचा अर्धा भार तिथेच उतरतो.

आणखी एक कारण बोलायला जड आहे, तरी बोललेच पाहिजे. ते म्हणजे लैंगिक अत्याचार. पुष्कळदा तो ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाकडून होतो: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, आणि जगभरच्या ख्रिस्तसभेला मान खाली घालावी लागली तसा धर्मगुरूकडूनही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आदेशानुसार धर्मगुरू व व्रतस्थांवर ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचेही बंधन आले आहे. मूल सांगू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवा. "गप्प बस, घराण्याची अब्रू जाईल," हे वाक्य त्या मुलाला दुसऱ्यांदा घायाळ करते.

६. घरात काय करावे?

संत थॉमस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात दुःखावर कोणते उपाय आहेत, असा प्रश्न घेतला आहे. एवढ्या मोठ्या ईशज्ञानी पंडिताने फक्त प्रार्थना सांगितली असेल, अशी आपली समजूत असते. त्यांनी पाच उपाय सांगितले आहेत: आनंददायी गोष्ट, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान! साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे पाच उपाय आजच्या घरात असे आणता येतील.

आनंददायी गोष्ट: दहावीचे वर्ष लागले म्हणून मुलाचा खेळ, चित्रकला, गायन बंद करू नका. तेवढेच त्याच्या मनाला बळ देणारे असते.

रडणे: "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मनातली वाफ बाहेर पडण्याची ती वाट आहे.

सहानुभूती: सल्ला नंतर द्या, आधी ऐका. "बाळा, गेले काही दिवस तू गप्प गप्प दिसतोस. काही त्रास होतोय का?" एवढे विचारून थांबा. उत्तर लगेच येणार नाही. स्वयंपाकघरात, स्कूटरवर मागे बसल्यावर, दिवे मालवल्यावर, कधीतरी येईल. तेव्हा "आमच्या वेळी तर..." अशी सुरुवात करू नका.

सत्य: मुलाला खरे सांगा. आईवडिलांत तणाव असेल तर 'हे तुझ्यामुळे नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगा. लहान मुले प्रत्येक भांडणाचा दोष स्वतःकडे घेतात. आणि गुणांपलीकडचे सत्यही सांगा: तू आम्हांला हवा आहेस तो टक्क्यांमुळे नाही.

झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री मोबाइल सर्वांचेच, आईबाबांचेही, बाहेरच्या खोलीत ठेवावेत.

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे (१ राजे, अध्याय १९). जिवाला कंटाळून तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करण्यासाठी दूत पाठवत नाही. दूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. एलिया खातो, झोपतो, पुन्हा खातो, मग त्याला चालायचे बळ येते. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर, डोंगरावर. आपण मात्र थकलेल्या मुलाला आधी प्रवचन देतो.

७. तज्ज्ञांकडे केव्हा आणि कोणाकडे?

घरच्या उपायांनी फरक पडत नसेल तर वाट पाहू नये. समुपदेशक बोलण्यातून मार्ग काढायला मदत करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि गरज असल्यास औषध देतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे 'वेड्यांच्या डॉक्टरांकडे' जाणे नव्हे. प्रत्येक मुलाला औषध लागतेच असे नाही. पुष्कळांना नियमित भेटी आणि घरातला बदल पुरतो. औषध दिले तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच थांबवू नये, मग भले मूल बरे वाटते म्हणो किंवा कोणी 'त्याची सवय लागेल' म्हणो.

मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच ही संस्था या क्षेत्रात काम करते. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, जो १९९६ साली मुंबईतच सुरू झाला. हे दोन्ही क्रमांक आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

प्रार्थना करू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून रोज रात्री आशीर्वाद द्या. पण बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचा. वैद्याला मान द्यावा, औषधे देवानेच जमिनीतून उपजवली आहेत आणि शहाण्याने ती टाळू नयेत, असे तो शिकवतो.

८. सर्वांत कठीण गोष्ट

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रातील होती. दिवसाचा हिशेब केला तर देशात रोज सुमारे पस्तीस घरे.

विचारले तर मुलाच्या डोक्यात तो विचार येईल, अशी पालकांना भीती वाटते. तज्ज्ञांचा अनुभव उलट आहे. शांतपणे आणि थेट विचारल्याने मूल त्या मार्गाला लागत नाही, उलट आपण एकटे नाही असे त्याला कळते. "तुला कधी जगूच नये असं वाटतं का?" असे विचारावे. उत्तर 'हो' आले तर ओरडू नये, शपथ घालू नये, पापाची भीती घालू नये. मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि शेतीची विषारी द्रव्ये कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्यावी. मूल म्हणेल, "कोणाला सांगू नका." असे वचन मात्र देऊ नये. पोलिसांच्या भीतीनेही कोणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलमच उरलेले नाही.

ज्या घरांनी हे दुःख आधीच सोसले आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. १९१७ च्या धर्मविधानानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या धर्मविधानातून ती तरतूद काढून टाकण्यात आली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २२८२ आणि २२८३ या परिच्छेदांत ख्रिस्तसभा सांगते की, गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. जीवन ही देवाची देणगी आहे, ती आपण टाकून देऊ नये, ही शिकवण तशीच आहे. परंतु आजाराने हरलेल्या लेकराचा न्याय करण्याचे काम प्रभूने आपल्याकडे सोपवलेले नाही. त्या आईकडे जाऊन बसावे. तिच्या लेकराचे नाव घ्यावे. वर्षश्राद्धाच्या मिस्साला उपस्थित राहावे. त्या घराभोवतीची कुजबूज आपल्या धर्मग्रामात तरी थांबावी.

९. समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात 'करायचे नाही' आणि 'करता येत नाही' यांतला फरक आपण कसा ओळखतो? एखादे उदाहरण आठवा.

२. लिओनीची भीती तिच्या बहिणीने ओळखली. आपल्या घरातल्या, आळीतल्या मुलांचे ऐकून घेणारे मोठे माणूस कोण आहे? कोणीच नसेल तर ते आपण होऊ शकतो का?

३. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आपण शेजारच्या मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारतो? त्याऐवजी काय विचारता येईल?

४. मनाच्या आजाराशी झुंजणाऱ्या एखाद्या कुटुंबाला या महिन्यात आपला समूह कोणती साधी मदत करू शकेल? दवाखान्यात सोबत जाणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, एक वेळचे जेवण पोहोचवणे?

यंदा आपण एवढाच संकल्प करूया की, जशी तापाची विचारपूस होते तशीच मनाचीही होईल. पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात एखादे मूल कोपऱ्यात एकटे उभे दिसले तर त्याला टक्के विचारू नका. त्याच्याजवळ जरा थांबा, त्याचे नाव घेऊन हाक मारा आणि विचारा, "कसा आहेस रे?" मग उत्तर येईपर्यंत घाई न करता तिथेच उभे राहा.

आपल्या सर्व मुलांना आणि त्यांच्यासाठी रात्री जागणाऱ्या सर्व मातापित्यांना प्रभू येशू शांती देवो.